फ्रान्सची गादी, १३२८: फिलिप की एडवर्ड?

फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स १ फेब्रुवारी १३२८ रोजी निपुत्रिक वारला. राणी गरोदर होती, पण तिलाही मुलगीच झाली आणि गादीचा प्रश्न दोन दावेदारांवर येऊन ठेपला.

इंग्लंडचा तिसरा एडवर्ड हा मृत राजाचा सख्खा भाचा, म्हणजे रक्ताने अधिक जवळचा. व्हाल्वाचा फिलिप हा चुलतभाऊ, म्हणजे एक पायरी दूरचा, पण अखंड पुरुषवंशातला. एडवर्डचा हक्क आई इझाबेलाकडून आलेला होता आणि खरी गोम तिथेच होती. १३१६ मध्ये चार्ल्सचा थोरला भाऊ राजा दहावा लुई याच्या मुलीला, जानला, डावलले गेले होतेच. स्त्रीला गादी नसली तरी ती मुलाला हक्क देऊ शकते, हा एडवर्डच्या बाजूचा युक्तिवाद चतुर खरा, परंतु माझ्या मते लंगडा. कारण तो मान्य केला, तर जानला होणारा मुलगा एडवर्डच्याही पुढे गेला असता. (असा मुलगा १३३२ मध्ये झालाही.)

वंशावळीपेक्षा व्यवहाराचे पारडे जड ठरले. फिलिप पस्तिशीच्या आसपासचा, फ्रान्समध्येच राहणारा आणि आधीच राज्याचा कारभार पाहणारा होता. एडवर्ड पंधरा वर्षांचा, आईच्या मुठीतला आणि परका राजा. सरदारांनी फिलिपला निवडले. १३२९ मध्ये आमियाँच्या कॅथेड्रलमध्ये एडवर्डने नैऋत्य फ्रान्समधल्या गियेनच्या जहागिरीसाठी त्याच फिलिपपुढे मांडलिकत्व पत्करले. १३३७ मध्ये फिलिपने ती जहागीर जप्त केली, तेव्हा मात्र जुना दावा पुन्हा वर निघाला. १३४० मध्ये एडवर्डने गेंट येथे फ्रान्सचा राजा ही पदवी धारण केली. इंग्लंडच्या राजांनी ती सोडली थेट १८०१ मध्ये.