एबीएसचा दिवा, उलटे बसलेले बेअरिंग आणि धायरीतले एक गॅरेज

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली, म्हणून एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये हब बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरते तो भाग, बदलून घेतले. घरघर थांबली, परंतु त्याच संध्याकाळी डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. त्याच सेंटरने चाकाचा वेग मोजणारा सेन्सर खराब असल्याचे सांगून तो बदलला, तरी गेटबाहेर पडताच दिवा पुन्हा हजर झाला. मग सांगण्यात आले की एबीएसचे मॉड्यूलच, म्हणजे ती यंत्रणा चालवणारा मुख्य भागच, गेले असावे, आणि 41 हजार रुपयांचा अंदाज माझ्या हाती ठेवण्यात आला. त्या ‘असावे’ शब्दावर एवढी रक्कम खर्च करणे मला पटले नाही. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी पुण्याच्या धायरीतल्या एका लहानशा गॅरेजमध्ये गेले. हे परीक्षण त्या गॅरेजचे आहे.

दिवा लागलेला असताना मी आठवडाभर गाडी चालवत होते, ती मनात धाकधूक ठेवूनच. केवळ पिवळा दिवा लागला असेल तर नेहमीचे ब्रेक चालू राहतात. फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन गाडी घसरू नये यासाठी असलेली व्यवस्था बंद पडते. त्याच्या जोडीला लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये, कारण तेव्हा ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही थांबलेली असू शकते. माझ्याकडे लाल दिवा नव्हता. तरीही रोज कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना, पुढे-मागे अवजड ट्रक असताना आणि पावसाळा तोंडावर असताना, त्या व्यवस्थेवाचून गाडी हाकणे मला जिवावरचे वाटत होते.

गॅरेजच्या मालकांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “ताई, दिवा चावी फिरवल्यावर लागूनच राहतो, की आधी विझतो आणि गाडी चालल्यावर लागतो?” याआधी मला हे कोणी विचारले नव्हते. माझा दिवा सुरुवातीला विझत असे आणि गाडीने थोडा वेग घेतला की लागत असे. त्यांनी समजावून सांगितले की वायर तुटली असेल किंवा कपलर (वायर जोडणारा खटका) सुटला असेल, तर गाडी उभी असतानाच यंत्रणेला ते कळते आणि दिवा विझतच नाही. परंतु जोडणी शाबूत असून चाकाकडून संकेतच येत नसेल, तर ही उणीव गाडी हलल्यावरच लक्षात येते. अर्धे निदान या एका प्रश्नातच झाले होते, असे आता वाटते.

त्यानंतर त्यांनी स्कॅनर जोडला. बाजारात मिळणारी स्वस्त उपकरणे बहुधा फक्त इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचतात. यांच्याकडचा स्कॅनर एबीएसचे कोडही वाचतो आणि चारही चाकांचा वेग चालत्या गाडीत दाखवतो. कोड पुढच्या डाव्या चाकाचाच होता, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गाडी वीसच्या वेगाने चालवताना त्यांच्या मुलाने मला स्क्रीन दाखवली: तीन चाकांपुढे वीस-एकवीसचे आकडे, आणि डाव्या पुढच्या चाकापुढे ठाम शून्य. चाक काढून कपलरवरचा पुरवठा तपासला, तो व्यवस्थित होता. सेन्सर तर नवाच होता.

उरले बेअरिंग. आजच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरसमोर दातेरी चक्र नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टे असतात आणि चाकाबरोबर फिरणारे हे पट्टे सेन्सर मोजतो. दोन्ही बाजू वरवर सारख्याच दिसतात. बेअरिंग प्रेसवर काढल्यानंतर मालकांनी चुंबकीय पट्टे दाखवणारे पत्त्याएवढे एक हिरवे कार्ड त्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवले, आणि त्यावर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेषा उमटल्या. आतल्या बाजूला तेच कार्ड कोरे राहिले. बेअरिंग उलटे बसवलेले होते. सेन्सर आतल्या बाजूला, पट्टे बाहेरच्या बाजूला; मग संकेत कुठून मिळणार?

काढलेले बेअरिंग पुन्हा बसवणे योग्य नसते, म्हणून नाना पेठेतून नवे आणले आणि प्रेसवर चढवण्याआधी त्याची बाजू मला दाखवली. कोड पुसून झाल्यावर धायरीच्या मागच्या एका रिकाम्या खडीच्या रस्त्यावर त्यांनी मला शेजारी बसवून जोरात ब्रेक लावला. खालून खडखड आवाज आला, पेडल पायाखाली थरथरते आहे असे त्यांनी सांगितले, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. बिल सुटे भाग आणि मजुरी धरून 4,600 रुपये झाले. जुने बेअरिंग त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. बसण्यासाठी एक बाकडे आहे, तेही उन्हात. लेखी अंदाज मला मागून घ्यावा लागला, आणि भाग वेळेवर न मिळाल्याने एका दिवसाचे काम दोन दिवसांवर गेले. ज्यांना गाडी घरून नेऊन घरी आणून देणारी सेवा हवी, त्यांची येथे गैरसोय होईल. परंतु 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे, त्यामुळे हा दिवा आज ना उद्या अनेकांना दिसणार आहे, आणि भाग बदलण्याआधी मोजून पाहणारा कारागीर जवळ असणे ही मला फार मोठी सोय वाटते. गॅरेज गुरुवारी बंद असते; सकाळी दहाच्या आत गेल्यास स्कॅनर मोकळा मिळतो.