नाशिकमधील पूल तपासणी सेवा : एका दुरुस्ती ठेकेदाराचा अनुभव
नाशिक जिल्ह्यातील महामार्गावरच्या एका जुन्या काँक्रीट पुलाच्या तपासणीसाठी आम्ही पावसाळ्यानंतर शहरातील एका खासगी संस्थेची सेवा घेतली. पुरानंतर खांबांच्या पायाजवळची माती वाहून गेलेली असू शकते, त्यामुळे संस्थेच्या अभियंत्यांनी वरच्या डांबराऐवजी तिथूनच सुरुवात केली, ही बाब मला सर्वांत आवडली. बेअरिंग, म्हणजे खांब आणि पुलाचा वरचा भाग यांच्यामधले आधार, पाहण्यासाठी त्यांनी पुलाखाली पोहोचणारा पाळणा आणला. काठावरून दुर्बीण लावून अहवाल लिहिणारेही आम्ही पाहिले आहेत. पृष्ठभागावर आपटून उसळीवरून काँक्रीटची ताकद अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे चांगले आले, तरी कार्बोनेशनमुळे (हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या परिणामामुळे) जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण होतो आणि हॅमर प्रत्यक्षाहून अधिक ताकद दाखवतो, हे समजावून त्यांनी काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून आतली स्थिती तपासणारी अल्ट्रासोनिक चाचणीही केली. काँक्रीटमधील सळ्यांचा विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलेल्या जागा, जिथे सळ्या गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते, त्यांनी आराखड्यावर स्वतंत्र दाखवल्या. दर थोडा जास्त वाटला, पण तो रास्त होता. अहवाल मात्र तीन आठवडे उशिरा मिळाला, आणि छायाचित्रांवर खांबांचे क्रमांकच नसल्याने कोणती भेग कुठली, हे शोधायला आम्हाला पुन्हा नदीपात्रात उतरावे लागले.