तीन हँडहेल्ड, दहा महिने: खान्देशातल्या घरात कुणाचे गेम खरंच चालतात

निन्टेन्डो स्विच ओलेड, स्टीम डेक ओलेड (५१२ जीबी) आणि आरओजी अ‍ॅलाय (झेड१ एक्स्ट्रीम) ही हातात धरून खेळायची तीन मशीन भुसावळच्या एकाच घरात ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत वापरली. दिवाळीची सुट्टी, थंडी आणि शेवटी तो भाजून काढणारा उन्हाळा, सगळं यात आलं. स्क्रीन, वजन, बटणं यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे विषय गेमचाच: कुठल्या मशीनवर कोणते गेम मिळतात, आणि त्यातले आपल्याकडच्या नेटवर, विजेवर आणि घरातल्या गर्दीत किती चालतात. दुकानात सांगतात तो हजारोंचा आकडा घरी आल्यावर फारसा कामाचा राहत नाही.

स्विचपासून सुरुवात करू, कारण तिघांत सगळ्यात छोटी यादी त्याची आणि सगळ्यात जास्त हातात राहिलेलं मशीनही तेच. मारिओ कार्ट ८ डिलक्स, सुपर मारिओ ओडिसी, झेल्डाचे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) आणि ‘टीअर्स ऑफ द किंगडम’ (२०२३), मेट्रॉइड ड्रेड, स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट, पोकेमॉनचे मुख्य गेम. यातला एकही गेम पीसीवर येत नाही, म्हणून डेक किंवा अ‍ॅलायवर अधिकृतपणे मिळत नाही. सोनीने तसं केलेलं नाही. गॉड ऑफ वॉर, होरायझन झीरो डॉन, स्पायडर-मॅन, घोस्ट ऑफ त्सुशिमा हे सगळे पीसीवर आले, त्यामुळे डेकवाल्याला प्लेस्टेशनचे बरेच मोठे गेम मिळतात. निन्टेन्डोचे गेम हवे असतील तर निन्टेन्डोचंच मशीन घ्यावं लागतं, दुसरी वाट नाही.

मे महिन्यात आते-मामेभावंडं जमली की फरक लगेच कळतो. स्विचचे दोन जॉय-कॉन (बाजूचे कंट्रोलर) सुटे करून आडवे धरले की वेगळा कंट्रोलर न घेता दोघं खेळायला बसतात. आणखी एक जोडी घेतली की मारिओ कार्टमध्ये एकाच स्क्रीनवर चौघं. सात इंची पडद्याचे चार तुकडे झाले की डोळे ताणावे लागतात, म्हणून चौघं असतील तेव्हा डॉकमधून (सोबत येणाऱ्या स्टँडमधून) टीव्हीलाच जोडा. मूळ ४८ ट्रॅक आहेत. बूस्टर कोर्स पास घेतला तर ९६ होतात, आणि तो घेण्यासारखा आहे. सुपर मारिओ ब्रदर्स वंडरही चौघांचा. या गेममध्ये वाचायला जवळपास काही नसतं, आणि मराठी माध्यमातल्या दुसरी-तिसरीच्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. स्विचच्या सिस्टीममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. पोकेमॉन किंवा अ‍ॅनिमल क्रॉसिंगमध्ये पानं भरून इंग्रजी संवाद असतात. लहान मूल पहिल्या अर्ध्या तासात कंटाळतं. त्याच्या वयापेक्षा गेममध्ये वाचायला किती आहे ते बघून घ्या.

कार्ट्रिजचा फायदा इथे शहरापेक्षा जास्त जाणवतो. निन्टेन्डो स्वतःच्या गेमची किंमत क्वचितच उतरवतं, त्यामुळे नवा गेम महाग पडतो. पण त्याच कारणाने जुनी कार्ट्रिज चांगल्या भावाने विकली जाते. धुळ्याच्या मित्राशी अदलाबदल करता येते. स्विचची कार्ट्रिज कुठल्याही देशातून आणलेली चालते (चीनमधली स्थानिक आवृत्ती सोडून). पण एक खोच आहे: जोडगेम म्हणजे डीएलसी त्या कार्ट्रिजच्याच प्रदेशाच्या खात्यातून घ्यावा लागतो. अमेरिकन कार्ट्रिज आणि युरोपच्या खात्यावरचा बूस्टर पास असं जमवलंत तर पैसे गेले असंच धरा. भारतासाठी निन्टेन्डोचं ईशॉप (ऑनलाइन दुकान) नाही, खातं दुसऱ्या देशाचंच काढावं लागतं. ते कोणत्या देशाचं, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि कार्ट्रिजही त्याच प्रदेशाच्या घेत जा. दुसरी गोष्ट, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) कार्ट्रिजमध्ये राहत नाही, कन्सोलमध्ये राहतो. क्लाउडवर ठेवायचा तर स्विच ऑनलाइनची वर्गणी लागते, आणि पोकेमॉनच्या काही गेमना ती सोय मिळतच नाही.

स्विच कमी पडतं ते बाहेरच्या कंपन्यांच्या जड गेममध्ये. विचर ३ स्विचवर आहे, पूर्ण ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर; हातात धरून खेळताना मात्र चित्र ५४० पी आणि धूसर. तोच गेम डेकवर ८०० पीत आणि सेकंदाला ४० फ्रेमवर चालतो, तेव्हा तुलनेचा प्रश्नच उरत नाही. चांगली बाजू अशी की या गेमचा सेव्ह स्विच आणि स्टीममध्ये (डेकचे गेम जिथून घेतात ते ऑनलाइन दुकान) इकडून तिकडे नेता येतो; हेडिसचाही तसाच. ईशॉपवर नावापुढे ‘क्लाउड व्हर्जन’ लिहिलेलं दिसलं, जसं कंट्रोल किंवा हिटमॅन ३, तर तो घेऊ नका. तो गेम मशीनवर उतरतच नाही, दूरच्या सर्व्हरवरून चित्र येतं. आपल्या नेटवर त्याला अर्थ नाही.

आता स्टीम डेक. यादी अवाढव्य, पण ती तीन चाळण्यांतून जाते. पहिली चाळणी डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची: तपासलेल्या प्रत्येक गेमवर ‘व्हेरिफाइड’, ‘प्लेएबल’ किंवा ‘अनसपोर्टेड’ असा शेरा असतो. ‘प्लेएबल’ला घाबरू नका, बहुतेक वेळा अक्षरं बारीक असतात किंवा नाव टाईप करायला कीबोर्ड स्वतः उघडावा लागतो, एवढंच. डेक विंडोजवर चालत नाही, लिनक्सवर चालतो, आणि विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरातून चालवतो. एकट्याने खेळायचे गेम यात आश्चर्य वाटावं इतके नीट चालतात. एल्डन रिंग, सायबरपंक २०७७, बाल्डर्स गेट ३, होलो नाइट, स्टारड्यू व्हॅली, बलात्रो, सगळे चालले. बाल्डर्स गेट ३ तिसऱ्या अंकात शहरात गेल्यावर अडखळतो, ते सोसावं लागतं.

दुसरी चाळणी अँटी-चीटची (ऑनलाइन खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, जे अनेकदा लिनक्सवर चालू देत नाहीत), आणि पोरं नेमकी इथेच फसतात. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, डेस्टिनी २, कॉल ऑफ ड्यूटीचं वॉरझोन डेकच्या स्वतःच्या सिस्टीमवर चालत नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी एपेक्स लिजेंड्सने लिनक्स बंद केलं. जीटीए ५ ची कथा चालते, जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही. ईए स्पोर्ट्स एफसीचे अलीकडचे भागही याच कारणाने अडतात, त्यामुळे फुटबॉलवाल्याने डेक घेताना दोनदा विचार करावा. क्रिकेटचा प्रश्न सोपा आहे. क्रिकेट २४ पीसीवर आहे आणि स्विचवरही आहे, पीसीची आवृत्ती दिसायला सरस.

तिसरी चाळणी कुणी सांगत नाही. डेनुवो नावाचं नकलेविरुद्धचं कुलूप असलेल्या गेममध्ये प्रोटॉनची आवृत्ती बदलली की ते नवं मशीन समजतं. गेम अडतोय म्हणून एका संध्याकाळी पाच-सहा आवृत्त्या बदलून पाहिल्या की २४ तासांसाठी गेम बंद होतो. एकच बदल करा, मशीन पूर्ण बंद-चालू करा, मग बघा.

पैशाच्या बाजूने स्टीम सगळ्यात सोयीचं: दर रुपयांत, जून-जुलै आणि डिसेंबरअखेरचे मोठे सेल, आणि १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. नवा गेम घेतला की पहिल्या तासातच त्यातला सगळ्यात जड भाग गाठून बघा. स्टीम फॅमिलीत सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळू शकतात, प्रत्येकाचा सेव्ह वेगळा. एकाच वेळी एकच गेम दोघांना मात्र दोन प्रती असल्याशिवाय नाही. भाच्याने तुमच्या प्रतीवर चीट वापरला तर बंदी तुमच्यावरही येते, हे त्याला आधीच बजावून ठेवा.

आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ जरूर खेळा. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी स्विचवर आला, मग ऑक्टोबरमध्ये पीसीवर. छोटा गेम आहे, लढाई थोडी ढिली वाटते, पण भिंतीवरची चित्रं आणि वास्तू बघताना आपल्या मातीचं काम या पडद्यावर आलं याचा मनापासून आनंद होतो.

अ‍ॅलायबद्दल थोडक्यात. विंडोज ११ असल्याने वरचे सगळे अडलेले गेम यावर चालतात, व्हॅलोरंटसुद्धा, जरी तो कीबोर्ड-माउस जोडूनच खेळायचा गेम आहे. मायक्रोसॉफ्टचा गेम पासही (वर्गणी भरून मिळणारे गेम) नीट चालतो. भारतात अधिकृत विक्री आणि वॉरंटी आहे, जी स्विच आणि डेकला नाही. त्रास दोन. विंडोजचे अपडेट ऐन वेळी उभे राहतात, आणि बॅटरी ४० वॅट-अवरची. टर्बो या वेगवान मोडमध्ये चिप २५ वॅट खाते, स्क्रीन, पंखा वगैरे मिळून आणखी दहा धरा; भागाकार केला की तासाभरात खेळ संपतो. डेक ओलेडची बॅटरी ५० वॅट-अवर आणि चिप जास्तीत जास्त १५ वॅट. जड गेमला दोन तास मिळतात. तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चिन्हावर जा, ‘पर-गेम प्रोफाइल’ चालू करा, फ्रेम ४५ वर आणि टीडीपी (चिपची विजेची मर्यादा) ८ वॅटवर बांधा. स्टारड्यू, होलो नाइटसारखे गेम मग सहज चार तासांवर जातात. एल्डन रिंगला ८ वॅट पुरत नाहीत, त्याचा हट्ट धरू नका.

भुसावळ ते मुंबई साधारण सात तास, आणि कसारा घाटात नेट जातं. रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात. स्विच इथे बिनघोर: कार्ट्रिज घातली की चालू, बॅटरी गेमनुसार साडेचार ते नऊ तास. डेकवर निघण्याच्या आदल्या रात्री नेट चालू असताना प्रत्येक गेम एकदा मुख्य मेनूपर्यंत उघडा, क्लाउडचा सेव्ह चढल्याची खूण बघा, मग ऑफलाइन मोड लावा. ईए, युबीसॉफ्ट, रॉकस्टार यांचे गेम स्वतःचं लाँचर उघडून ऐन वेळी लॉगिन मागतात. प्रवासाच्या यादीतून ते काढूनच टाका. अ‍ॅलायवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरची ऑफलाइन परवानगी एका वेळी एकाच पीसीला मिळते. ती घरच्या लॅपटॉपला दिलेली असेल तर गाडीत गेम पास उघडणार नाही.

डाउनलोडचा हिशेब आधीच करा. बाल्डर्स गेट ३ सुमारे १५० जीबी. १०० एमबीपीएसच्या फायबरवर चारेक तास. यावल-रावेरकडच्या गावात रोजचे २ जीबी मिळणारा मोबाइल डेटाच असेल तर पंचाहत्तर दिवस. घरात पीसी असेल तर गेम एकदाच त्यावर उतरवा आणि दोन्हीकडे डाउनलोड सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क ट्रान्सफर’ चालू करा. दोन्हीकडे स्टीम ऑनलाइन लागतं, पण मुख्य डेटा घरातल्या राउटरवरूनच येतो. पीसी राउटरला केबलने जोडा, नाहीतर वाय-फायवर दोघांची ओढाताण होते. फक्त मोबाइल डेटावर असलेल्या घराला मात्र स्विच आणि कार्ट्रिजच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात यादी आपोआप आखडते. निन्टेन्डो आणि व्हॉल्व्ह दोघंही ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य मानतात, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी डेकवर सायबरपंक लावला की पंखा किंचाळतो, मग चिप स्वतःचा वेग कमी करते आणि फ्रेम पडतात. मशीन बिघडलेलं नसतं. दुपारी हलके गेम, जड गेम रात्री दहानंतर. चार्जिंगला लावून खेळू नका, उष्णता आणखी वाढते. कूलरच्या थेट झोतात मशीन धरू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक कण असतात. गादीवर उताणं ठेवलं तर डेकची मागची जाळी बंद होते. धुळीचे दिवस आले की दर पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडा.

प्लेस्टेशन पोर्टल भारतात डिसेंबर २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना आलं. त्याची स्वतःची यादीच नाही. घरातल्या पीएस५ चे गेम वाय-फायवरून दाखवणं एवढंच त्याचं काम, आणि क्लाउडवरून खेळण्यासाठी लागणारी सोनीची ‘प्लस प्रीमियम’ वर्गणी भारतात मिळत नाही. वीज गेली की पीएस५ बंद, राउटर बंद, पोर्टलही बंद. इन्व्हर्टर नसलेल्या घराने याच्या नादी लागू नये. स्विच २ (जून २०२५) जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालवतं, पण गेमसाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेसच कार्ड लागतं. जुनं कार्ड चालत नाही. शिवाय त्याच्या बऱ्याच खोक्यांवर ‘गेम-की कार्ड’ लिहिलेलं असतं. त्या कार्डात गेम नसतो, तो नेटवरून पूर्ण उतरवावा लागतो, आणि नंतर खेळतानाही कार्ड आत असावंच लागतं. खोक्याचा खालचा पट्टा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सायबरपंकसारखे काही गेम मात्र पूर्ण ६४ जीबीच्या कार्डावर येतात.

जुनं स्विच घेताना ‘शे-दोनशे गेम टाकून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सौदा करण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून स्वतःच्या खात्याने ईशॉप उघडा. २१२४-४००७ असा एरर आला तर त्या कन्सोलवर बंदी आहे. ऑनलाइन खेळ, ईशॉपवरचे गेम, डीएलसी काही मिळणार नाही. मग सेटिंगमध्ये कंट्रोलर कॅलिब्रेशन उघडून अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही काड्यांवरून बोट काढा. ठिपका मधोमध थांबला नाही, तर जॉय-कॉनची काडी बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा. त्यासाठी तीन पात्यांचा वाय आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, साधा चालत नाही.