पोर्तो ते सांतियागो: किनाऱ्याने की आतून?

स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाची पायी यात्रा पोर्तुगालच्या पोर्तोहून सुरू करायची हे एकदा ठरलं की निवड उरते ती दोन वाटांची. बार्सेलोस, पोंते द लिमावरून जाणारा मधला मार्ग, किंवा अटलांटिकच्या कडेने कामिन्या, बायोना, विगो. पहिला साधारण २४० किलोमीटर, दुसरा २७० च्या आसपास. म्हणजे एक-दोन दिवसांचा फरक. स्पेनमधल्या रेदोंदेलात दोन्ही वाटा एक होतात आणि तिथून पुढचे शेवटचे चार-पाच दिवस सगळ्यांना सारखेच. तेव्हा वाद आहे तो रेदोंदेलाच्या अलीकडचा.

मधल्या मार्गाचं पारडं कागदावर जड आहे. गावं जुनी, सावली बरी, यात्रेकरूंच्या धर्मशाळा (आल्बेर्गे) नेमक्या अंतरावर. ज्या लाब्रुजाच्या चढाची लोक धास्ती घेतात तो जेमतेम ४०० मीटर उंचीपर्यंत जातो. पोंते द लिमाहून सकाळी लवकर निघालात तर ऊन चढायच्या आत संपतो; पावसात मात्र तिथले सुटे दगड घसरतात. ओ पोरिन्योच्या आधी कारखान्यांच्या कडेने जाणारा कंटाळवाणा सरळ रस्ता ऑर्बेनयेला डावीकडे वळून टाळता येतो, ती वाट नदीकाठाने जाते. बार्सेलोसचा बाजार गुरुवारी भरतो; बुधवार-गुरुवारचा मुक्काम तिथे असेल तर खाट आधी धरावी. खुणांचं एक लक्षात ठेवा: पिवळे बाण सांतियागोचे, निळे उलट्या दिशेने फातिमा या पोर्तुगालमधल्या तीर्थाचे. पहाटेच्या अंधारात टॉर्चच्या उजेडात बाणाचा रंग नीट बघून घ्या.

एवढं सगळं असून माझा कौल किनाऱ्याला, आणि त्याचं कारण दगड. पोर्तो ते बार्सेलोस या टप्प्यात वाटेचा मोठा भाग ग्रॅनाइटच्या चौकोनी ठोकळ्यांनी फरसबंद केलेला आहे. कोकणातल्या जांभ्याच्या पाखाडीवर चालायची सवय आहे म्हणून हे जमेल असं वाटतं, पण जांभा खरखरीत असतो, पाय धरून ठेवतो. इथला ग्रॅनाइट गाड्यांच्या चाकांनी गुळगुळीत झालेला, प्रत्येक ठोकळा मधे थोडा फुगीर, आणि दोन ठोकळ्यांत बोटभर फट. पाऊल दर वेळी वेगळ्या कलाने पडतं, घोटा दर वेळी थोडा सावरतो, आणि चवड्याखालची कातडी बुटात मागे-पुढे घासत राहते. त्यातून येणारा फोड टाचेच्या फोडासारखा वरवरचा नसतो. तो जाड कातडीखाली खोल धरतो, सुईने नीट फुटत नाही आणि पाऊल टाकताना सगळा भार त्याच्यावरच येतो.

मऊ तळाचे धावण्याचे बूट इथे उपयोगाचे नाहीत, ठोकळ्याची कड आरपार टोचते. कडक तळाचे बूट टोचणं थांबवतात, पण पुढच्या डांबरी रस्त्यावर तापतात. कडेच्या मातीवरून चालावं म्हटलं तर कडच नाही: दोन्ही बाजूंना दगडी गडगे, रस्ता एका गाडीपुरता, आणि वळणावरून गाडी येते तेव्हा भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. पाठीवर सहा-सात किलोच्या वर ओझं असेल तर हा त्रास वाढतच जातो. पोर्तोतून मेट्रोने विलार दु पिन्येइरुपर्यंत गेलं तर शहराचा भाग वाचतो, दगड वाचत नाहीत. पोंते द लिमाच्या पुढे मातीच्या वाटा बऱ्याच लागतात हे खरं, पण तोवर पाय कामातून गेलेले असतात. ज्यांचे तळवे मुळातच टणक आहेत, वारी किंवा नर्मदा परिक्रमा ज्यांनी पायी केली आहे, त्यांना कदाचित यात विशेष काही वाटणार नाही.

किनाऱ्यालाही त्याचा त्रास आहे, तो वाऱ्याचा. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा नोर्तादा दुपारी जोर धरतो, आणि चालायचं नेमकं उत्तरेलाच. वाळू डोळ्यांत, टोपी हातात. पण वाऱ्याला वेळ असते. सहाला निघून एकच्या आत मुक्काम गाठला तर त्याचा फारसा उपद्रव होत नाही. दगड मात्र सकाळीही तितकेच कडक. हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्या. वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही आणि मान, पोटऱ्या भाजून निघतात. तिथे मलम विसरू नका.

पोर्तुगालच्या बाजूला किनाऱ्याची बरीचशी वाट वाळूच्या टेकड्यांवरून टाकलेल्या लाकडी फळ्यांची आहे. पायाला याहून मऊ काही नाही. फक्त पहाटे दवाने फळ्या निसरड्या असतात, आणि काठीचं लोखंडी टोक दोन फळ्यांच्या फटीत अडकून काठी वाकते. रबरी टोपण लावून ठेवा. बारीक वाळू मोज्यात गेली की थांबून झटका, ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नका.

इथे एक फसगत होते. ‘किनारी मार्ग’ ठरवून पोर्तोच्या कॅथेड्रलपासून बाण धरले, तर अधिकृत किनारी मार्ग आधी शहरातून आत माइयाकडे जातो, म्हणजे पुन्हा तेच ठोकळे. समुद्राची वाट हवी असेल तर कॅथेड्रलवरून खाली दोउरो नदीवर उतरा आणि नदी डावीकडे ठेवत समुद्रापर्यंत जा, तिथून उत्तरेला. वेळ कमी असेल तर मेट्रोने मातोझिन्योस गाठून तिथून सुरुवात केली तरी यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला बाधा येत नाही, कारण त्यासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी लागतात. त्या टप्प्यात यात्रेच्या वहीवर दिवसाला दोन शिक्के घ्या. पहिल्या मुक्कामाची खाट धरताना नाव नीट वाचा: किनाऱ्यावरचं लाब्रूज वेगळं, मधल्या मार्गावरचं चढाचं लाब्रुजा वेगळं. मारिन्यास ते व्हियाना हा टप्पा मात्र किनारा सोडून आत वळतो, तिथे चढ-उतार आणि थोडे दगड वाट्याला येतातच.

स्पेनमध्ये आ ग्वार्दा ते बायोना हा किनाऱ्याचा सगळ्यात कमजोर भाग मानावा लागेल. समुद्र अप्रतिम, ओयाचा मठ थेट लाटांवर, पण पायाखाली बराच वेळ हमरस्त्याच्या कडेची डांबरी पट्टी आणि सावली नाही. याची भरपाई विगो ते रेदोंदेला करतं: जंगलातली जवळजवळ सपाट मातीची वाट, खाली खाडी. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर सुट्टीवर आलेल्यांची गर्दी असते, खोल्या महाग. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. २५ जुलै रविवारी येतो ते वर्ष पवित्र वर्ष, आणि पुढचं २०२७ आहे. त्या वर्षी जायचं तर खाटांचं आधीच बघावं.

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे सारखंच. पोर्तुगालात भाज्यांचं सूप मिळतं, पण काल्दु व्हेर्दमध्ये सॉसेजचा तुकडा असतो आणि गॅलिसियाच्या (वाटेवरचा स्पेनचा प्रांत) काल्दो या सूपमध्ये डुकराची चरबी, विचारून घ्या. गॅलिसियात रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद, शनिवारीच सामान भरा.

व्हिसाच्या बाबतीत वाटेची निवड खरोखर फरक पाडते. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, दिवस समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. मधल्या मार्गावर दोन देशांचे मुक्काम जवळजवळ बरोबरीत येतात आणि परतीचे एक-दोन दिवस पोर्तोत काढले की पोर्तुगाल ठरतं. किनाऱ्याने गेलं तर स्पेनचे मुक्काम सहज दोन-तीनने वाढतात. मुक्कामांची यादी आधी करा, मग अर्ज कुठे ते ठरवा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

राहता राहिली कामिन्याची होडी. मिन्यो नदी ओलांडली की स्पेन. नदीच्या मुखाशी वाळू साचते, छोट्या होड्या भरती-ओहोटी बघून सुटतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच धक्क्यावर वेळ विचारून ठेवा. पलीकडे घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणून दहाची होडी म्हणजे आ ग्वार्दाला पोचेपर्यंत दुपार. होडी नसेल, किंवा ओयाचा डांबरी रस्ता नको असेल, तर नदीच्या काठाने व्हिला नोवा द सेर्व्हेइरात एक मुक्काम करून व्हालेंसाला जा, सुमारे २८ किलोमीटर. तिथून पूल ओलांडला की तुई आणि मधला मार्ग, बार्सेलोसकडचे ठोकळे मागे टाकून. गुडघे दुखरे असतील तर मी हाच पर्याय सुचवेन. पाय धड असतील तर होडीच घ्या.