ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा, खाली कडप्पा की प्लाय?

स्वयंपाकघर नव्याने करायला निघालं की घरात पहिला वाद होतो तो रंगावरून. शटर पांढरी की राखाडी, मॅट की चकचकीत. खरं तर शटर ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट. कंटाळा आला तर बिजागऱ्या सोडवून एका दिवसात बदलता येतात. ओटा, त्याखालची कॅबिनेट, भिंतीतले पाइप आणि वायरी यांना मात्र हात लावायचा म्हणजे गवंडी, धूळ आणि बाहेरचा डबा. म्हणून खालची तुलना करताना मी एकच निकष धरला आहे: निर्णय चुकला तर काय काय फोडावं लागेल?

ग्रॅनाइट की क्वार्ट्झ

क्वार्ट्झ दुकानात दगड म्हणून विकला जातो, पण ती लादी कारखान्यात तयार होते. साधारण ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा, बाकी रेझिन (चुरा एकत्र धरणारी कृत्रिम राळ) आणि रंग. चुरा टणकच असतो, नाजूक असतं ते रेझिन. १५० अंश सेल्सियसच्या पुढे ते बिघडायला लागतं, आणि भाकरीचा तवा किंवा कडकडीत फोडणीचं कढलं त्याहून बरंच गरम असतं. घाईत तवा उतरवून ओट्यावर टेकवला की पिवळट चट्टा उमटतो, कधी तडाही जातो. हा चट्टा घासून जात नाही, कारण तिथलं रेझिनच जळलेलं असतं. ग्रॅनाइट हे सगळं सहज सोसतो.

पण क्वार्ट्झची बाजूही खरी आहे. तो पाणी-तेल जवळजवळ शोषत नाही, सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) लावावा लागत नाही आणि फिकट रंगात एकसारखा मिळतो. फिकट ग्रॅनाइट सच्छिद्र असतो. त्यावर हळद-तेल सांडून रात्रभर राहिलं की डाग आत जातो. काळा ग्रॅनाइट घट्ट असतो, डाग दाखवत नाही. मात्र बोअरचं पाणी असेल तर नळाभोवती क्षारांचे पांढरे ठिपके पडतात आणि काळ्यावर ते उठून दिसतात.

दगड ठरवण्याआधी दुकानातून त्याच लादीचा तुकडा मागून घरी आणा. एका कोपऱ्यात पाण्याचे चार थेंब, दुसऱ्यात तेलात कालवलेली हळद. पंधरा मिनिटांनी पुसा. पाण्याच्या जागी गडद वर्तुळ उरलं तर तो दगड पाणी पितो. काळा दगड असेल तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन चोळून बघा. कापूस काळा झाला तर दगडाला वरून रंग दिलेला आहे, तो पुढे उडणार. संगमरवराचा मोह होत असेल तर लिंबू, कोकम आणि चिंच आठवा. प्रत्येक थेंबाजवळ त्याची चकाकी जाते.

रोज पोळी-भाकरी आणि फोडणी होते त्या घरात मी गडद ग्रॅनाइटच घ्यायला सांगेन. क्वार्ट्झची हौस असेल तर शेगडीपासून लांब, नाश्त्याच्या टेबलासारख्या जागी भागवावी.

दगडात भोक पाडण्याआधी

ही गोष्ट फार कमी जण विचारात घेतात. हॉब, म्हणजे ओट्यात कापून बसवायची शेगडी, दिसतो देखणा, पण त्यासाठी दगड कापावा लागतो आणि ते माप त्या मॉडेलचं असतं. काही वर्षांनी तो बंद पडला, नव्याचा खाचा मोठा निघाला तर पुन्हा कापता येईल. लहान निघाला तर काय करणार? साधी तीन बर्नरची शेगडी वर ठेवली की हा प्रश्नच येत नाही, शिवाय ती उचलून खालचं पुसता येतं. सिंकचंही तेच. खालून चिकटवलेलं सिंक पाणी ओढायला छान असतं, पण बदलायची वेळ आली की ओट्याचा दगड धोक्यात येतो. तिथे मी सोय बघून खालून लावलेलंच घेईन, फक्त भांडं चांगल्या जाडीचं हवं. हॉबबाबत मात्र माझं मत शेगडीकडे झुकतं.

खाली काय: कडप्पा, प्लाय, एचडीएचएमआर की स्टील

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्यांचे कप्पे आणि पुढे अॅल्युमिनियमची किंवा लाकडी दारं. हिला हल्ली नाकं मुरडतात, पण वाळवीला यात खायला काही नाही आणि सिंकची गळती महिनोन्‌महिने लक्षात आली नाही तरी कप्पा फुगत नाही. तोटाही आहेच. कडप्प्याला भोक पाडताना कपचा उडतो, म्हणून ट्रॉल्यांचे चॅनेल बसवायला आत वेगळ्या पट्ट्या ठोकाव्या लागतात. मापं थोडी वाकडी आली की ट्रॉली अडकते. तळमजल्यावर, कोकणातल्या ओल धरणाऱ्या घरात किंवा वाळवीच्या परिसरात मी अजूनही कडप्प्याच्या बाजूने.

प्लायमध्ये स्क्रू घट्ट धरतो, त्यामुळे जड कप्पे आणि ड्रॉवर त्यावर नीट चालतात. इथे नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक, आयएस ७१० हे मरीन प्लायचं. मरीन प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. शिक्का पूर्ण शीटवर असतो, एकदा कापलं की कुठला तुकडा कुठल्या शीटचा ते कळत नाही. म्हणून सुताराने करवत लावण्याआधी शीट बघा, आयएसआय खूण आणि परवाना क्रमांकाचा फोटो काढा.

एचडीएचएमआर म्हणजे लाकडाच्या भुशासारख्या तंतूंचा दाट दाबलेला बोर्ड. कारखान्यातल्या मॉड्युलर किचनमध्ये तो सर्रास असतो. पृष्ठभाग गुळगुळीत, दाबून बसवलेलं लॅमिनेट सपाट राहतं, शटरसाठी उत्तम. ओलाव्याला साध्या एमडीएफपेक्षा (लाकडी तंतूंच्या नेहमीच्या बोर्डापेक्षा) बराच टिकतो, पण कापलेली कड उघडी राहिली आणि तिथे पाणी साचलं तर तोही फुगतो. त्यामुळे चारही कडांना पट्टी हवी, दिसत नाही त्या मागच्या कडेलासुद्धा.

स्टीलचे कॅबिनेट महाग, आवाज करणारे आणि पोचे धरणारे, पण पाणी आणि वाळवी दोन्हींना पुरून उरतात. इथे दुकानदार लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवतो आणि आपण खूश होतो. त्याला फारसा अर्थ नाही: २०२ ग्रेडचं स्वस्त स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही. बिलावर ३०४, म्हणजे गंज कमी धरणारी ग्रेड, लिहून घ्या. आणि मुंबई-रत्नागिरीसारख्या खाऱ्या हवेत ३०४ वरही तपकिरी ठिपके येतात, ते वरचेवर पुसावे लागतात.

पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये माझी निवड अशी: सिंकखालचा एक कप्पा दगडाचा किंवा स्टीलचा, बाकी आयएस ७१० प्लाय, शटर एचडीएचएमआरची. सगळीकडे एकच माल लावायचा हट्ट कशाला?

सुतार की कारखाना

कारखान्यात कडेची पट्टी यंत्रावर गरम गोंदाने बसते, ती हाताने चिकटवलेल्या पट्टीपेक्षा जास्त टिकते. पण कारखान्याला ठरावीक मापं सोयीची असतात, आणि फ्लॅटच्या कोपऱ्यात बीम किंवा कॉलम बाहेर आलेला असला की ती जागा पॅनेल लावून बुजवली जाते. सुतार तिथेही फडताळ काढून देतो. छोटं आणि वाकडं स्वयंपाकघर असेल तर सुतार, सरळसोट असेल तर कारखाना.

उंची

ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच असं सरसकट सांगतात. खरं माप स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरावर ठरतं: हात वाकवून उभं राहिल्यावर कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली. पोळ्या लाटणाऱ्याला जरा खाली बरं पडतं, भांडी घासणाऱ्याला वर. सासूबाई पाच फुटी आणि सूनबाई साडेपाच फुटी असतील तर जो जास्त वेळ उभा राहतो त्याचं माप घ्यावं. हे ठरवताना घरात वाद होणार, तो दगड कापण्याआधीच होऊ द्या.

भिंतीच्या आत

पाइपचा गॅस आहे म्हणून इंडक्शन कधी येणारच नाही असं समजू नका. ओट्यावर १६ अँपियरचे निदान दोन पॉइंट स्वतंत्र वायरीवर ठेवा. ओव्हन, घरघंटी आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी जागा आणि पॉइंट आधी ठरवा. घरघंटी हल्ली बाल्कनीत सरकवली जाते आणि पावसात भिजते. चिमणी घ्यायची तर बाहेर धूर काढणारीच, कारण कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास थोडा कमी करते, वाफ आणि उष्णता घरातच सोडते. तिचं नळकांडं जितकं आखूड आणि सरळ तितकं काम चांगलं. भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी लागते, ती काम सुरू होण्याआधी काढा.

टाइल लागण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून उघड्या पाइप-वायरींचे फोटो काढा. पुढे वरचं कपाट टांगताना ड्रिल कुठे चालवायचं नाही ते त्यातच दिसेल.