कच्चं केळं की पिकलेलं?
कच्च्या केळ्यात मुख्यतः पिष्ट (स्टार्च) असतं. त्यातलं बरंचसं लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य होतं. रक्तातली साखरही सावकाश वाढते. पिकताना याच पिष्टाची साखर होते, म्हणून व्यायामाआधी पिकलेलं बरं: १०० ग्रॅममध्ये साधारण ८९ कॅलरी, ३५८ मिलिग्रॅम पोटॅशियम. साखर सांभाळायची असेल तर माझं मत कच्च्याला (शिजवून, अर्थात). मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र, पोटॅशियममुळे, कच्चं काय नि पिकलेलं काय, डॉक्टरांना विचारूनच.

घरात पिकलेलंच जास्त कामाचं. काळं पडलेलं केळं केकमध्ये अंड्याऐवजी चालतं, साल खतात जाते. कच्च्याचा चीक कपड्याला लागला की डाग निघता निघत नाही. लवकर पिकवायचंय? सफरचंदासोबत कागदी पिशवीत ठेवा. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू पिकवण्याचं काम करतो.