आठ महिने वापरल्यानंतर: १:१० मापाची रिमोट कार

गाडी निवडताना मी कित्येक दिवस केवळ कमाल वेगाचे आकडे ताडून पाहत होतो. आज पुन्हा निवडायची वेळ आली, तर तो आकडा सर्वांत शेवटी पाहीन. घेतलेली गाडी १:१० मापाची (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश), चारही चाकांना मोटरचा जोर मिळणारी, साध्या ब्रश मोटरची (आत घासत वीज पोचवणारे ब्रश असलेल्या मोटरची) बग्गी आहे. स्वस्त खेळण्यातल्या गाडीत बहुतेक वेळा सारे काही एकाच सर्किटवर असते आणि ते बिघडले की गाडी अडगळीत जाते. छंदासाठीच्या गाडीत मोटर, सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) आणि स्पीड कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) वेगवेगळे असल्यामुळे बिघडलेला तेवढाच भाग बदलता येतो. अर्थात, तो मिळाला तर.

हे मला तिसऱ्याच आठवड्यात कळले. पुढचे चाक दगडावर आदळून सस्पेन्शनचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) तुटला आणि हाताच्या बोटाएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी गाडी जवळजवळ महिनाभर कपाटात पडून राहिली. म्हणून कोणतेही मॉडेल पसंत करण्याआधी त्याचे आर्म, ड्राइव्ह शाफ्ट (चाकांपर्यंत जोर नेणारे दांडे) आणि स्पर गिअर (मोटरच्या छोट्या गिअरने फिरणारा मोठा गिअर) सुटे मिळतात का, याची खात्री करून घ्यावी.

स्पर गिअर मात्र मी स्वतःच्या चुकीने गमावला. मोटर साफ करून परत बसवताना पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर यांच्यात अंतर जास्त राहिले आणि दहा मिनिटांत नायलॉनचे दाते सपाट झाले. आता दोन्ही गिअरांमध्ये साध्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करतो आणि मग पट्टी काढून घेतो. त्यानंतर तक्रार उरलेली नाही.

सोबत आलेली ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी उतरत गेली की गाडीही मंदावत जाई, म्हणून दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घेतली. फरक सुखद आहे, पण ही बॅटरी शिस्त मागते. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, आणि काही दिवस गाडी चालवायची नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. स्पीड कंट्रोलरमधील लिपोची सेटिंग (बॅटरी फार उतरण्याआधी गाडी थांबवणारी) बदलायला मी जवळजवळ विसरलोच होतो. बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) लागतोच, आणि चार्जिंग चालू असताना मी खोली सोडत नाही.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाबद्दल एवढेच सांगतो, की तो इलेक्ट्रॉनिक्सपुरता खरा निघाला. ओल्या गवतातून आल्यावर न पुसलेल्या बेअरिंगना गंज चढला.

मोटरचे ब्रश आता झिजत आले आहेत. ब्रशलेस मोटरचा मोह होतो, पण तिचा जोर माझ्या गाडीच्या नायलॉनच्या गिअरांना पेलेलसे वाटत नाही, म्हणून तूर्त तशीच दुसरी ब्रश मोटर मागवली आहे.